पावसाबरोबर खत कुठे जातं?
(संघाच्या मासिक बैठकीतलं भाषण)



आपल्यातल्या अर्नाळा, आगाशी, भुईगावच्या बायकांची वाडी रेताड जमिनीत आहे. केळी, भाजी, फुलं तिथे होतात. पारोळ, भाताणेकडच्या ताया भात लावतात, भारी मातीत. मग दोघींनी खत एकाच पद्धतीनं टाकायचं का? नाही.

युरियाच्या 45 किलोच्या गोणीत साधारण 21 किलो नत्र असतो. मातीत पडल्यावर काही दिवसांत त्याचं नायट्रेट बनतं. हे पाण्यात लगेच विरघळतं आणि माती त्याला धरून ठेवत नाही. भारी मातीत पाणी हळू मुरतं, म्हणून मुळांना ते घ्यायला वेळ मिळतो. रेतीतून मात्र एका जोरदार सरीत ते मुळांच्या खाली जातं. रेतीत पालाशही टिकत नाही. गटातून कर्ज काढून घेतलेलं खत असं निघून जातं, हप्ता मात्र आपणच भरतो.

आणि जातं कुठे? आपल्याच विहिरीत, बावखलात. पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावं. त्याला रंग नाही, वास नाही. पाणी उकळलं तरी ते जात नाही. अशा पाण्यात पावडरचं दूध कालवून तान्ह्या बाळाला दिलं, तर त्याच्या रक्तातून प्राणवायू नीट पोचत नाही, बाळ निळं पडू शकतं. म्हणून घरात तान्हं बाळ असेल तर विहिरीचं पाणी तपासून घ्याच.

आता उपाय ऐका.

रेताड वाडीत चांगलं कुजलेलं शेणखत दरवर्षी घाला. ते ओल धरतं आणि अन्न हळूहळू सोडतं. युरिया एकदम न टाकता तीन-चार वेळा थोडा थोडा द्या. मोठा पाऊस येणार असेल तर थांबा. झाडांच्या बुंध्याशी पालापाचोळा पसरा.

कोंबडीखत शेणखतासारखं समजू नका. त्यात नत्र जास्त असतो आणि लवकर सुटतो. ते कुजवून, कमीच घाला.

भाताला चारसूत्री पद्धतीतली युरिया-डीएपीची गोळी वापरा. लावणी झाली की त्याच दिवशी चार चुडांच्या मधोमध, 7 ते 10 सेंटिमीटर खोल चिखलात दाबायची. तिथे नत्र टिकतो.

खताचा खड्डा विहिरीपासून लांब, उताराच्या खालच्या बाजूला घ्या. पावसाळ्यात त्यावर ताडपत्री टाका. खड्ड्यातून काळं पाणी वाहतंय म्हणजे तुमचं खतच वाहतंय.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गटानं आपल्या शेतातली तांब्याभर माती आणा. कापलेल्या बाटल्यांत भरून, वरून पाणी ओतून कुठल्या मातीतून किती लवकर उतरतं ते बघू. मग त्यात शेणखत मिसळून पुन्हा बघू. खताच्या कर्जाचे अर्ज त्यानंतरच भरूया.