नळावरचे अंतर

(वर्धापनदिनाच्या सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



कोरोनाच्या सुरुवातीच्या दिवसांवर बोला, असे समितीने आम्हाला सांगितले. आम्ही काही डॉक्टर नाही. तेव्हा आपल्याच घरातल्या गोष्टी बोलू.

2020 च्या जानेवारीअखेर केरळात पहिला रुग्ण सापडला, तेव्हा आपण म्हणालो, चीनचा आजार, आपल्याला काय त्याचं! मग अफवा उठली की कोंबडी खाल्ल्याने होतो. कोंबडीचे भाव कोसळले. काहींनी स्वस्त मिळते म्हणून दोन-दोन किलो आणली, काहींनी घाबरून पंधरा दिवस डाळीवर काढले. दोघेही एकाच चाळीतले! 9 मार्चला दुबईहून परतलेल्या पुण्यातल्या जोडप्याला लागण झाल्याचे कळले, तेव्हा मात्र हसणे थांबले. दुसरा दिवस 10 मार्च, सावित्रीबाईंचा स्मृतिदिन. 1897 साली पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता त्या माऊलीला प्लेग झाला आणि त्यातच ती गेली. आपण विहारात फुले वाहिली, दोन शब्द बोललो, घरी गेलो.

22 मार्चच्या रात्रीपासून लोकल बंद. मुंबईची लोकल बंद, हे आपल्या बापजाद्यांनी ऐकले नसेल! 24 तारखेला रात्री आठला टाळेबंदी जाहीर झाली, बाराला लागूसुद्धा. एकवीस दिवस. पोरांचे दूध, गॅसची टाकी, म्हातारीच्या बीपीच्या गोळ्या, वाण्याची उधारी, सगळे एकदम डोळ्यांपुढे आले. घरकामाला जाणाऱ्या आपल्या बायांना फोन आले, येऊ नका. पगाराचे विचारायला जीभ रेटेना. नाक्यावरच्या बिगाऱ्याला तर फोन करणारेही कुणी नव्हते.

टीव्हीवर सांगायचे, वीस सेकंद हात धुवा, अंतर ठेवा. आपली खोली दहा बाय दहा, माणसे सात. पाणी सकाळी तासभर. शौचालय सार्वजनिक, त्याच्या कडीला किती हात लागतात हे मोजायचे कुणी? साबण चोळताना नळ बंद ठेवला की तांब्याभर पाण्यात भागते, हे आपल्या बायकांनीच शोधून काढले. साबणाने विषाणूवरचे चरबीचे आवरण फुटते, साधा साबणही चालतो, हे आपल्या एका शिकलेल्या पोरीने दारोदार जाऊन सांगितले. तोवर आपण सॅनिटायझरच्या बाटलीसाठी मेडिकलपुढे रांगा लावत होतो.

आता ज्यासाठी उभे राहिलो ते सांगतो.

आपल्या गल्लीतली एक मावशी रुग्णालयात आया आहे. नाव घेत नाही, समोरच बसली आहे. सगळे घरात, ती रोज ड्युटीवर. एप्रिलमध्ये एका सकाळी ती हंडा घेऊन नळावर आली. रांगेतून आवाज आला, "मावशी, तुम्ही शेवटी भरा. नळाला हात लावू नका, आम्ही वरून ओततो."

वरून ओततो! हे शब्द आपल्या वस्तीत, आपल्या तोंडून. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर कशासाठी गेले होते, हे आपली शाळकरी पोरेसुद्धा सांगतील. ओट्यावर एक आजोबा बसले होते. गावाकडे लहानपणी त्यांनी ओंजळीत असेच वरून पाणी घेतलेले. ते काही बोलले नाहीत. काठी टेकत आले, मावशीचा हंडा उचलून नळाखाली लावला. त्या वयाच्या माणसाला धोका सर्वांत जास्त. त्यांनी बरोबर केले की चूक, यावर आमच्यात आजही वाद होतो.

भीती काही खोटी नव्हती. अंतर ठेवायलाच हवे होते, पण सगळ्यांनी सगळ्यांपासून. आपण एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभे होतो आणि अंतर फक्त एकाच बाईपासून ठेवत होतो. तो आवाज कुणाचा, हे विचारू नका. त्या रांगेत आम्हीही होतो, गप्प.

त्याच संध्याकाळी पोरांनी नळासमोर चुन्याची वर्तुळे काढली, सगळ्यांसाठी. पहिला नंबर मावशीचा, कारण तिला कामावर जायचे. मग जयंती आली. विहाराला कुलूप, 14 एप्रिलला घरातच मेणबत्ती लावली, आणि त्याच दिवशी टाळेबंदी 3 मेपर्यंत वाढली. जयंतीच्या वर्गणीतून तांदूळ, डाळ, तेलाच्या पिशव्या केल्या. यादीत मावशीचे नाव होते. ते तिने स्वतः खोडायला लावले. म्हणाली, "माझा पगार चालू आहे रे. शेवटच्या खोलीत तो बिगारी आहे, त्याला द्या." ज्यांनी नळावर अडवले, त्यांच्याही दारात तिने पिशव्या पोचवल्या, चेहऱ्याला ओढणी बांधून.

नळावरच्या त्या सकाळीबद्दल ती कधी बोलली नाही. आपणही कुणी बोललो नाही. माफी मागायची राहूनच गेली. आज समितीने हातात माईक दिला आहे, म्हणून सगळ्यांसमोर मागतो. मावशी, चुकले आमचे.

जयभीम!