मंदिराचा जीर्णोद्धार आणि गावाची व्यसनमुक्ती

(जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देवळावर कळस चढला म्हणजे निम्मे काम झाले. उरलेले निम्मे कोणते, ते पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीने दाखवून दिले आहे.

राळेगण हे दुष्काळी गाव. शेतात पिकेना, म्हणून दारू गाळणे हाच अनेकांचा धंदा झाला होता. गावात तीसहून अधिक हातभट्ट्या होत्या. जळण कमी पडले तेव्हा संत यादवबाबांच्या देवळाची लाकडेसुद्धा भट्टीत गेली, असे सांगतात. १९७५ साली लष्करातून निवृत्त होऊन अण्णा हजारे गावी परतले. त्यांनी स्वतःच्या पुंजीतून देवळाचा जीर्णोद्धार आरंभला. ते पाहून ग्रामस्थांनी श्रमदान केले, तरुण एकत्र आले. त्याच देवळात बैठक होऊन दारूबंदीचा निश्चय झाला. देवासमोर दिलेला शब्द मोडायचा कसा? बहुतेक भट्ट्या मालकांनीच बंद केल्या. पुढे पाणी अडवले गेले, शेती सुधारली, दुधाचा जोडधंदा उभा राहिला.

तेथे दारुड्यांना खांबाला बांधून फटके दिल्याचीही हकीगत आहे. ती मात्र अनुकरणीय नव्हे. व्यसनी माणूस हा रोगी आहे. रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू सोडली तर हातपाय कापतात, भ्रम होतो, झटकेही येतात. कधी जिवावर बेतते. त्याला चाबूक नव्हे, डॉक्टर पाहिजे. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केले, त्यास पु. ल. देशपांडे यांनी साहाय्य केले. तेथे रोग्याबरोबर त्याच्या घरच्यांनाही समजावून घेतले जाते.

गडचिरोलीत तर जिल्ह्यानेच चळवळ केली. गावोगावच्या स्त्रिया उठल्या, संस्था व कार्यकर्ते एक झाले आणि १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. शासनाने भगिनींच्या हाती मताचा अधिकारही दिला आहे. मतपत्रिकेवर एक बाटली उभी, एक आडवी. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली, तर दुकान बंद होते. घरी बसून राहिलेल्या भगिनीचे मत दुकानाच्याच पारड्यात जाते, हे ध्यानात असावे.

आता बेलपाड्याकडे वळू या. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि या पट्ट्यातील भातशेती, मिठागरे नव्या शहरासाठी गेली. त्या जमिनीला रास्त दाम मिळावा म्हणून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा झाला. जानेवारी १९८४ मध्ये पाच शेतकरी हुतात्मे झाले. म्हणजे घराघरात आलेल्या पैशात रक्ताचा वाटा आहे. तो पैसा पेल्यात ओतला, तर हुतात्म्यांना काय उत्तर द्यायचे? आज दारी मेट्रो आली आहे. २०२३ साली तिच्या एका स्थानकाला ‘बेलपाडा’ हे नाव मिळाले. गावाचे नाव पाटीवर राहील. माणसे शाबूत राहतील का, हा प्रश्न आहे.

आगरी-कोळी समाजात हळदीच्या रात्री दारूचा खर्च हा मोठेपणा समजला जातो. त्यापायी कर्ज होते, आणि शाळकरी पोर पहिला घोट बहुधा मांडवातच घेते. तेव्हा पहिला ठराव हळदीचा व्हावा : मांडवात दारू नाही. श्रीमंत घराने तो आधी पाळावा, म्हणजे गरिबाला कमीपणा वाटणार नाही. दुसरे, महिला मंडळ, भजनी मंडळ, तरुण मंडळ, शिक्षक व डॉक्टर यांची एक समिती असावी आणि तिने महिन्यातून एकदा याच सभामंडपात बसावे. तिसरे, व्यसन सोडू पाहणाऱ्याची टवाळी होऊ नये. त्याला आरतीला पुढे उभे करावे.

देणगीदारांनी दगड-विटांना सढळ हाताने दिले. तसाच थोडा वाटा एखाद्या गरीब रोग्याच्या उपचाराला द्यावा. सुधारून घरी परतलेला बाप हा या मंदिराचा दुसरा कळस होय. तो चढविण्याची सद्बुद्धी व बळ देव सर्वांना देवो.