आधी गाव विचारा



कामशेतच्या या व्याख्यानाच्या पत्रिकेत विषय छापलाय 'परदेशातला जुना बाजार'. लंडनच्या पोर्टोबेलो रोडविषयी तुम्ही ऐकलंय, मुंबईचा चोरबाजार आणि पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार तर पाहिलेलाच आहे. दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून दिवे आणि अडकित्ते कसे जमवले, ते राजा केळकर संग्रहालयात शाळेच्या सहलीला जाऊन आलेल्यांना मी काय सांगू? तेव्हा थेट मुद्द्यावर येतो. जुनी वस्तू हातात घेतलीत, की किमतीच्या आधी तिचं गाव विचारा.

एकच दाखला देतो. 1938 साली इटलीत पाँपेईच्या उत्खननात, एका घरात हस्तिदंती बाई सापडली. उंची वीतभर. हातभर बांगड्या, पायांत गुडघ्यापर्यंत वाळे, दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी. बाई सरळ सरळ भारतीय! माथ्यापासून खालपर्यंत आरपार भोक आहे, म्हणजे आरशाची मूठ असेल, नाहीतर एखाद्या छोट्या मेजाचा पाय. तळाशी खरोष्ठी या प्राचीन लिपीतलं एक अक्षर. ज्वालामुखीने पाँपेई गाडलं ते इसवी सन 79 मध्ये. म्हणजे ही बाई त्याच्या आधीच समुद्र ओलांडून गेलेली. आपल्या धाराशिवच्या तेरला आणि जालन्याच्या भोकरदनला तिच्यासारख्याच मूर्ती मिळाल्यात. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे.

आता हीच बाई एखाद्या दुकानात काचेमागे उभी असती तर? 'भारतीय, प्राचीन' एवढी चिठ्ठी, खाली किंमत. साल नाही, घर नाही, व्यापाराचा पुरावा नाही. हस्तिदंत तोच, कोरीव काम तेच. पण दोन हजार वर्षांपूर्वीची आपली बाजारपेठ तिच्याबरोबर मुकी झाली असती.

(श्रोत्यांतून : 'आपल्या कार्ल्याचं सांगा!')

सांगतो, त्याशिवाय कामशेतहून मला कोण जाऊ देणार? (हशा) कार्ले लेण्यांच्या चैत्यगृहातल्या खांबांवर दात्यांची नावं आहेत. त्यांत यवन, म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडचे परदेशी आहेत, आणि ते स्वतःला धेनुकाकटचे म्हणवतात. हे धेनुकाकट नेमकं कुठलं, यावर अभ्यासकांचं अजून भांडण चालू आहे. पण दात्याने गाव कोरून ठेवलं, म्हणून भांडायला जागा तरी आहे! (हशा, टाळ्या)

पुढे बसलेले एक काका मघाशी म्हणाले, हे सगळे परदेशी जाणाऱ्यांचे चोचले. नाही काका, तसं नाही. पोर्टोबेलो रोडवर एका ठेल्यावर मी पितळी गडू पाहिला. काठाखाली ठिपक्या-ठिपक्यांनी देवनागरी नाव घातलेलं. पुढे गावाची पहिली दोन अक्षरं, बाकीची घासून गेलेली. विक्रेत्याच्या लेखी ते 'जुनं भारतीय भांडं'. माझ्या लेखी ते कुणाच्या तरी लग्नातलं भांडं होतं. पंक्तीत भांडी बदलू नयेत म्हणून आपल्या आज्यांनी नावं घालून घेतली. ती नोंदच आहे, आणि ती श्रीमंतांनी नव्हे, घरच्या बायकांनी ठेवली.

कार्यवाहांनी चिठ्ठी पाठवलीय, काहींना लोकल गाठायची आहे. तेव्हा कायद्याचं भराभर सांगतो. इजिप्तने 1983 च्या कायद्याने पुरावस्तूंचा व्यापारच बंद केला. तिथे कुणी 'अस्सल जुनं' म्हणून काही पुढे केलं, तर हात मागे घ्या. आपला कायदा 1972 चा. शंभर वर्षांवरची मूर्ती, नाणं, कोरीव काम, पंचाहत्तर वर्षांवरचं महत्त्वाचं हस्तलिखित परस्पर देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या लेकीला देवघरातली जुनी मूर्ती पाठवणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं.

आता घरातल्या वस्तूंचं. पवना धरणात इथली गावं गेली. तिथून आणलेली समई, माप, पाटा ज्यांच्या घरी असेल, त्यांनी आज रात्रीच एक कागद घ्यावा. वस्तू कुणाची, कुठल्या गावची, घरात कशी आली, हे म्हातारी माणसं आहेत तोवर विचारून लिहावं. त्या गावाला जाऊन विचारायची सोय आता उरलेली नाही.

आणि परदेशी निघालेल्यांनी विक्रेत्याकडून पावतीवर वस्तूचं गाव आणि आधीचा मालक लिहून घ्यावा. लिहून देत नसेल, तर वस्तू कितीही सुंदर असो, जागेवर ठेवून पुढे चालू लागावं. गाव लपवणारी वस्तू खोटी असू शकते, नाहीतर चोरीची.