तस्करी : एक शब्द, अनेक गुन्हे

(चाकण परिसरातील ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेले भाषण)



वर्तमानपत्र उघडले की ‘तस्करी’ हा शब्द आढळत नाही असा दिवस विरळा. विमानतळावर सोन्याची तस्करी, नदीपात्रात वाळूची तस्करी, गुटख्याची तस्करी, गांजाची तस्करी आणि शेवटी माणसांची तस्करी! एकाच शब्दाच्या पोत्यात आपण इतके निरनिराळे गुन्हे भरले आहेत की आत नेमके काय आहे, हे कळेनासे झाले आहे. शब्दाची ही चर्चा केवळ पंडितांसाठी नाही. आपण गुन्ह्याला जे नाव देतो, त्यावरून तक्रार कोणत्या कार्यालयात जाते, कोणता कायदा लागू होतो आणि पुष्कळदा सापडलेल्या माणसाकडे आपण आरोपी म्हणून पाहतो की पीडित म्हणून, हे ठरते.

शब्दाचा प्रवास

‘तस्कर’ हा शब्द अतिशय प्राचीन आहे. वेदवाङ्मयात तो येतो. अमरकोशात चोर या अर्थाच्या शब्दांच्या मालिकेत त्याला स्थान आहे. तेथे सरहद्द, बंदर वा जकात यांचा संबंध नाही. तस्कर म्हणजे चोर, एवढाच अर्थ. इंग्रजीतील ‘स्मगलिंग’ हा शब्द मात्र डच-जर्मन भाषाकुळातून सतराव्या शतकात आलेला असून त्याचा रोख आहे तो लपतछपत माल पार करण्यावर. म्हणजे एका शब्दात चोरी आहे, तर दुसऱ्यात चोरवाट. स्वातंत्र्यानंतर ‘स्मगलिंग’साठी आपण ‘चोरटी आयात’, ‘चोरटा व्यापार’ असे शब्दप्रयोग केले. पुढे ‘तस्करी’ हाच शब्द रूढ झाला.

त्या काळाची पार्श्वभूमी लक्षात घेतली पाहिजे. परकीय चलनाची टंचाई होती आणि आयातीवर कडक निर्बंध होते. १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण अधिनियमाने सोन्याच्या व्यवहारांवर बंधने घातली होती. अशा वेळी सोने, घड्याळे, कापड, ट्रान्झिस्टर असा माल कोकण किनाऱ्यावर चोरून उतरू लागला. १९७४ मध्ये परकीय चलनाचे जतन आणि तस्करीस प्रतिबंध यांसाठी ‘कॉफेपोसा’ हा स्थानबद्धतेचा कायदा करण्यात आला. दुर्दैवाने याच काळात बोलीभाषेत ‘स्मगलिंगचा माल’ हे शब्द प्रतिष्ठेचे झाले! मनगटावरील घड्याळ चोरवाटेने आलेले आहे, हे सांगताना लाज वाटण्याऐवजी अभिमान वाटू लागला. शब्दाची धार अशी बोथट झाली.

तिची किंमत आपण १९९३ मध्ये मोजली. त्या वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत रायगड जिल्ह्यातील दिघी आणि शेखाडी येथे चोरून माल उतरला. त्यात शस्त्रे आणि स्फोटके होती. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत झालेल्या बॉम्बस्फोटांत २५७ जणांनी प्राण गमावले. या खटल्यात सीमाशुल्क व पोलीस खात्यांतील काही जणांनाही न्यायालयाने दोषी ठरविले. एकदा चोरवाट मोकळी झाली की तिच्यावरून काय जाईल, हे डोळेझाक करणाऱ्याच्या हाती राहत नाही.

कायद्यातील अर्थ

सीमाशुल्क अधिनियम, १९६२ मध्ये या शब्दाची व्याख्या आहे. ज्या कृतीमुळे अथवा कृती न केल्यामुळे आयात वा निर्यातीचा माल त्या अधिनियमाखाली जप्तीस पात्र ठरतो, ती तस्करी होय. या व्याख्येतील दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली ही की, केवळ रात्रीच्या अंधारात होडीतून उतरवलेला मालच यात येतो असे नाही. कागदपत्रांत मालाचे वर्णन किंवा मूल्य खोटे दाखविले, तरी माल जप्तीस पात्र होऊ शकतो. दुसरी ही की, माल मुळात वाईट असावाच लागतो असेही नाही.

आपल्या चाकणच्या बाजारातील कांद्याचेच उदाहरण घ्या. डिसेंबर २०२३ ते मे २०२४ या काळात कांद्याच्या निर्यातीवर सर्वसाधारण बंदी होती. त्या काळात कांद्याचे पोते दुसऱ्या मालाच्या नावाखाली परदेशी पाठविणे ही तस्करी ठरली असती. बंदीच्या आधी तेच पोते सरळ मार्गाने पाठविणे हा प्रामाणिक व्यापार होता. कांदा तोच, फरक नियमाचा आणि लपवाछपवीचा.

नियम कशासाठी, असे कोणी विचारील. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७१ मध्ये कुडाळच्या सुभेदाराला पत्र पाठवून बारदेशातून येणाऱ्या मिठावर जबर जकात बसविण्याची आज्ञा केली. बाहेरचे स्वस्त मीठ आले तर स्वराज्यातील मिठाचा व्यापार बुडेल, ही त्यामागची चिंता होती. जकात ही नुसती वसुली नसून ते कष्टकऱ्यांच्या रक्षणाचे साधन आहे, ही दृष्टी तेव्हापासूनची आहे.

कारखान्यांच्या पट्ट्यात

पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला आणि या माळरानाचे रूप पालटू लागले. आज पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत वाहने आणि सुट्या भागांचे उद्योग पसरले आहेत. न्हावा-शेवा बंदराशी त्यांचा नित्याचा संबंध आहे. समुद्र दूर असला, तरी आयात-निर्यातीचा कायदा आता आपल्या शिवारापर्यंत आला आहे.

तथापि, कराविषयीचा प्रत्येक वाद म्हणजे तस्करी, असे म्हणणे अन्यायाचे होईल. चाकण येथे कारखाना असलेल्या स्कोडा ऑटो फोक्सवॅगन इंडिया या कंपनीला सीमाशुल्क विभागाने सप्टेंबर २०२४ मध्ये सुमारे १.४ अब्ज डॉलरच्या मागणीची नोटीस दिली. जवळजवळ संपूर्ण मोटारीचे भाग निरनिराळे सुटे भाग म्हणून दाखवून कमी शुल्क भरले, असा विभागाचा आरोप होता. कंपनीने तो अमान्य करून मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. असा प्रश्न वर्गीकरणाचा असतो आणि त्याचा निवाडा न्यायासनापुढे होतो. आपल्या बोलीभाषेनेही हा भेद पूर्वीपासून जपला आहे. जकात नाका चुकविणाऱ्याला लोक ‘जकात चुकवली’ असे म्हणत. त्याला कोणी तस्कर म्हणत नसे.

ज्याचे नाव त्याला

आता गावपातळीवर येऊ. नदीपात्रातून विनापरवाना वाळू उपसणे ही गौण खनिजाची चोरी आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अन्वये तहसीलदारांना त्याबाबत दंड करण्याचे अधिकार आहेत. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून अन्नसुरक्षेच्या कायद्याखाली बंदी असून ते काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. परराज्यातील दारू चोरून आणली, तर राज्य उत्पादन शुल्क विभाग कारवाई करतो. या सर्वांना ‘तस्करी’ म्हटले की, हे काम कोणा दूरच्या मोठ्या अधिकाऱ्याचे आहे असे वाटू लागते आणि गावातील माणूस स्वस्थ बसतो.

अमली पदार्थांबाबत तर अधिक सावध राहायला हवे. ऑक्टोबर २०२० मध्ये चाकण परिसरात पिंपरी-चिंचवड पोलिसांनी सुमारे २० किलो मेफेड्रोन पकडले. फेब्रुवारी २०२४ मध्ये दौंड तालुक्यातील कुरकुंभ औद्योगिक क्षेत्रात याच पदार्थाचा मोठा साठा सापडला. हे विष सरहद्दीपलीकडून आले नव्हते; कुरकुंभला ते कारखान्यातच तयार होत होते. ‘तस्करी’ म्हणताना आपली नजर समुद्राकडे वळते आणि धोका मात्र शेजारच्या भाड्याच्या शेडमध्ये असू शकतो. शेड भाड्याने देताना भाडेकरू कोण, तेथे काय बनते, याची चौकशी करणे हे मालकाचे कर्तव्य आहे.

माणूस हा माल नव्हे

सर्वांत गंभीर प्रश्न माणसांचा. संयुक्त राष्ट्रांनी २००० मध्ये या विषयावर दोन निरनिराळे मसुदे स्वीकारले. एक स्थलांतरितांना बेकायदा सरहद्द पार करून देण्याविरुद्ध आणि दुसरा माणसांच्या शोषणासाठी चालणाऱ्या व्यापाराविरुद्ध. आपण मात्र दोहोंना ‘मानवी तस्करी’ म्हणतो. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद २३ च्या मराठी पाठात यासाठी ‘अपव्यापार’ असा नेमका शब्द आहे. अपव्यापारासाठी सरहद्द ओलांडावी लागत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ नुसार फसवून, धाक दाखवून किंवा आमिष दाखवून शोषणासाठी माणसाला आणणे, ठेवणे वा पाठविणे हा गुन्हा आहे आणि त्यात पीडिताची संमती होती की नव्हती, हा प्रश्न गैरलागू ठरतो.

या पट्ट्यात दूरदूरच्या राज्यांतून कामगार येतात. त्यांतील फार मोठा वर्ग स्वेच्छेने, पोटासाठी येतो; त्यांच्याकडे संशयाने पाहणे सर्वथा गैर होय. परंतु एखाद्या हॉटेलात किंवा वीटभट्टीवर शाळेच्या वयाचे मूल राबताना दिसले, एखाद्या मजुराची कागदपत्रे ठेकेदाराने अडकवून ठेवली असली, तर तेथे अपव्यापाराची शंका घेतली पाहिजे. ‘तस्करीत सापडलेला मुलगा’ असे आपण म्हणतो, तेव्हा नकळत त्या मुलाला पकडलेल्या मालाच्या रांगेत बसवतो. तो मुद्देमाल नाही, पीडित आहे. त्याला पंचनाम्याइतकीच आधाराचीही गरज असते. शिक्षकांनी पटावरील गळती पाहावी, सदस्यांनी वस्तीवर लक्ष ठेवावे. मुलांसाठी १०९८ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक शाळेच्या व पंचायतीच्या भिंतीवर ठळक लिहावेत.

सारांश, आयात-निर्यातीच्या मालाची चोरटी ने-आण ही तस्करी, वाळूची ती चोरी, कराची ती चुकवेगिरी आणि माणसांचा तो अपव्यापार. तक्रार अर्ज, पंचनामा आणि ग्रामसभेचा ठराव यांत ज्याला जे नाव आहे ते लिहिले, तर अर्ज योग्य टेबलावर पोहोचेल आणि कारवाईला विलंब लागणार नाही.