दारातली गुळवेल

आज आम्ही गुळवेलीबद्दल बोलणार आहोत, आणि थोडं आमच्या चुकीबद्दलही.

कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी आमच्या गटाने गुळवेलीची पूड करून विकली. कडुनिंबावर चढलेली वेल प्रत्येकीच्या बांधावर होतीच. खोड तोडायचं, वरची पातळ साल खरवडायची, तुकडे सावलीत वाळवायचे नि दळायचे. आठवडी बाजारात पाकिटं हातोहात गेली. पाकिटावर आम्ही छापलं होतं, 'रोज घ्या, निरोगी राहा.' किती दिवस घ्यायची, कोणी घेऊ नये, याचा एक शब्द नव्हता.

तशी ही वेल आपल्याला नवी का आहे? आयुर्वेदात तिला गुडूची म्हणतात, अमृताही म्हणतात. ताप हटेना की आजी ओलं कांड ठेचून रात्रभर पाण्यात ठेवायची आणि सकाळी ते कडूजहर पाणी नाक धरून प्यायला लावायची. काही घरी सत्त्व काढत. ठेचलेली कांडं पाण्यात चोळून गाळायची आणि तळाशी बसलेला पांढरा साका वाळवायचा. टोपलीभर वेलीतून मूठभर निघायचं, म्हणून देतानाही चिमूटभरच. आणि ताप गेला की काढा बंद. नेमकं हेच आम्ही विसरलो.

मोठ्या दवाखान्यांनीही गुळवेल तपासली आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात, पित्तनलिका अडून कावीळ झालेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेच्या वेळी गुळवेल देऊन पाहिली. 1993 साली त्याचा अहवाल आला, निकाल चांगला होता. पण रुग्ण होते जेमतेम तीस, आणि ते डॉक्टरांच्या नजरेखाली होते. आपल्यासारखं ग्लासभर काढा पिऊन शेतावर गेलेले नव्हते.

मग 2021 मध्ये मुंबईच्याच डॉक्टरांनी सहा रुग्णांची माहिती छापली. गुळवेल घेतल्यावर त्यांच्या यकृताला सूज आली होती. पुढच्या वर्षी देशातल्या वेगवेगळ्या दवाखान्यांतले 43 रुग्ण समोर आले, त्यांत निम्म्याहून जास्त बायका. आयुष मंत्रालयाचं म्हणणं असं की गुळवेल सुरक्षित आहे, पण तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेल चुकून वापरली जाते. त्या वेलीचं खोड करडं असतं, अंगभर पुष्कळ गाठी असतात, आणि कापलं की दुधासारखा चीक येतो. आपल्या गुळवेलीचं खोड हिरवट, तिला तशा गाठी नाहीत, चीक नाही. फळं लाल आणि गोल.

आम्हाला हे सगळं कळलं ते आमच्याच गटातल्या एका काकूंमुळे. त्या थायरॉइडची गोळी घेतात. तीन महिने रोज सकाळी आमचीच पूड. एक दिवस अन्न नको वाटायला लागलं, लघवी गडद झाली, डोळे पिवळे. डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काही घेता का?" काकू म्हणाल्या, "नाही." झाडपाल्याला औषध कोण म्हणतं? दुसऱ्या खेपेला सूनबाईंनी पाकीटच नेऊन दाखवलं. पूड बंद केली, दोनेक महिन्यांत काकू सावरल्या. गुळवेलीनेच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण आम्हाला झोप लागली नाही, खरं सांगतो.

त्या वेळी घरी कोण काय पीत होतं, ते आठवा. मधुमेहाची गोळी चालू असेल तर गुळवेलीने साखर आणखी उतरू शकते. थायरॉइड, आमवात, यकृताचं दुखणं असेल, दिवस गेले असतील किंवा अंगावर पाजत असाल, तर डॉक्टर किंवा वैद्यांना विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि दवाखान्यात गेलात की काढासुद्धा सांगा, लाजू नका.

आमची पूड सध्या बंद आहे. उरलेली पाकिटं आम्ही बाजारातून परत आणली, पाचशे रुपयांचं नुकसान झालं. तालुक्यातल्या वैद्यबाईंना वेल नेऊन दाखवली आहे. पाकिटावर काय लिहायचं ते त्यांच्याशी बसून ठरेल, मगच पुन्हा दळण.