टाकीच्या तोंडाशी उभा राहणारा माणूस



नंदुरबार जिल्ह्यातील आमच्या कोरीटसारख्या गावी विहिरीत उतरणे हा कोणाला फारसा विशेष प्रसंग वाटत नाही. शहरात आपल्या इमारतीखालीही एक विहीरच असते. फक्त तिला आपण पाण्याची टाकी म्हणतो. ती आपण अधूनमधून धुऊन घेतो. ‘माणूस पाठवा’ एवढा निरोप कंत्राटदारास गेला की आपले कर्तव्य संपले! आत कोण उतरला आणि त्याला त्या कामाचे काही शिक्षण मिळाले होते की काय, याची चौकशी सहसा होत नाही. आज मला त्या शिक्षणाविषयीच बोलावयाचे आहे.

९ मार्च २०२५ रोजी मुंबईत नागपाड्यास, बांधकाम चालू असलेल्या एका इमारतीची टाकी साफ करावयास उतरलेले चार कामगार मृत्युमुखी पडले. त्यापूर्वी बरोबर अकरा महिने, ९ एप्रिल २०२४ रोजी, नेवासे तालुक्यातील वाकडी गावी शेणकाल्याने भरलेल्या एका पडीक विहिरीत मांजर पडले. त्याला काढावयास एक जण उतरला; तो वर येईना म्हणून दुसरा, दुसऱ्यासाठी तिसरा, असे करता करता पाच जीव गेले. सहावा मात्र वाचला. त्याच्या कमरेस दोर बांधलेला होता, म्हणून त्याला वर ओढून घेता आले.

त्या पाच जणांना कोणी अविचारी म्हणेल. मला तसे म्हणवत नाही. आपला माणूस डोळ्यांदेखत कोसळला असता काठावर उभे राहणे हे मनुष्यस्वभावाच्या विरुद्ध आहे, आणि म्हणूनच ते शिकवावे लागते. या शिक्षणातील सर्वांत अवघड धडा आत उतरणाराचा नव्हे, तर तोंडाशी उभा राहणाराचा आहे. काहीही झाले तरी त्याने आत जावयाचे नाही. दोर ओढावयाचा आणि मदतीस हाका मारावयाच्या. हे नुसते सांगून भागत नाही. वाळूचे पोते आत सोडून, ते वर ओढून काढण्याचा सराव पुनःपुन्हा करून घ्यावा लागतो. दोरही कमरेपेक्षा खांद्यांवरून व मांड्यांखालून घेतलेल्या पट्ट्यांना बांधलेला बरा, आणि वर तिकाटणे व रहाट असावा. कारण बेशुद्ध देह अरुंद तोंडातून नुसत्या हातांनी ओढणे एकट्यादुकट्याचे काम नव्हे.

आता हवेविषयी. आपल्या नित्याच्या हवेत प्राणवायू शेकडा २१ च्या आसपास असतो. तो साडेएकोणीसच्या खाली गेला की जागा धोक्याची समजतात. कुजणाऱ्या पदार्थांमुळे, किंबहुना लोखंडाच्या गंजण्यानेही, कोंडलेल्या जागेतील प्राणवायू खर्ची पडतो. कर्बवायू जड असल्यामुळे तळाशी बसतो; मिथेन हलका, तो वर राहतो. मैल्यातून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइड वायूस कुजक्या अंड्यांचा दर्प असतो खरा, परंतु त्याचे प्रमाण वाढले की तो नाकाची घ्राणशक्तीच मारतो. दर्प गेला म्हणजे धोका गेला असे मानणारा मनुष्य तेथेच फसतो. तोंडाला ओले फडके बांधण्याचा प्रघात तर निव्वळ समजूत आहे; फडक्याने धूळ अडेल, वायू अडत नाही.

आपल्या पूर्वजांना यातले काही ठाऊक होते. सांगलीजवळ हरिपुरास हळदीची पेवे असत. पेव उघडल्यावर काही वेळ तसेच ठेवून मग आत उतरण्याचा रिवाज होता; कंदील सोडून पाहण्याचीही चाल होती. कंदील विझला तर उतरू नये, हे ठीकच. परंतु विषारी वायू असूनही तो जळत राहू शकतो, आणि मिथेन असल्यास भडकाच उडेल. म्हणून आज वायुमापक यंत्र वर, मध्ये व तळाशी असे तिन्ही ठिकाणी सोडून पाहतात, पंख्याने ताजी हवा आत लोटतात, आणि काम चालू असेपर्यंत यंत्र बंद करीत नाहीत.

कायद्यानेही हे फार पूर्वी ओळखले होते. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ३६ व्या कलमात, उतरणाराच्या पट्ट्यास बांधलेल्या दोराचे टोक बाहेरच्या माणसाच्या हाती असावे, अशी तरतूद होती. गटारे व मैल्याच्या टाक्या संरक्षणसाधनांवाचून माणसाकडून साफ करून घेण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी घातली. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू पावणाराच्या कुटुंबास द्यावयाची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख रुपये केली. रक्कम वाढली हे योग्यच. पण ती मनुष्य गेल्यावर मिळते!

तेव्हा पुढल्या खेपेस टाकी धुणारे आले म्हणजे गृहिणीने किंवा सोसायटीच्या चिटणीसाने जिन्याखाली जाऊन दोन गोष्टी विचाराव्यात: हवा कशाने तपासली, आणि दोर कोण धरणार आहे? उत्तर मिळाले नाही तर झाकण उघडू देऊ नये. टाकी आणखी आठ दिवस न धुतल्याने कोणाचे काही बिघडत नाही.