पालकाचा व्यवसाय

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात अफझलगंज येथे केलेले भाषण)



शिष्यवृत्त्यांच्या कामाविषयी चार शब्द बोलावेत अशी आम्हांस आज्ञा झाली. मास्तराच्या हाती सभा दिली की काय होते हे ठाऊक असूनही आपण हे धाडस केलेत. विषय मात्र असा आहे की, मुलाबाळांसह बसलेल्या मंडळींपुढे तो काढावा की नाही, याचा आम्ही आठवडाभर विचार केला.

आपल्या मदतीच्या अर्जावर ‘पालकाचा व्यवसाय’ असा एक रकाना आहे. काही वर्षांपूर्वी शाळेच्या अशाच एका कागदावर आमच्या वर्गातील एका मुलीने तो कोरा ठेवला. आम्ही भर वर्गात विचारले, “वडील काय करतात?” ती म्हणाली, “वडील नाहीत.” “मग आई?” ती मान खाली घालून उभी राहिली. मागच्या बाकावर कोणी हसले, आणि त्या हसण्यावरून आम्हांस उत्तर कळले. पुढे आठ दिवस ती शाळेत आली नाही. नंतर आई आली. म्हणाली, “मास्तर, शिलाई लिहा. घरात मशीन आहे, अगदीच खोटं नाही.” आम्ही शिलाई लिहिले. चूक त्या माउलीची नव्हती, आमची होती. ती मुलगी आता या शहरात नाही, म्हणून सांगण्यास हरकत नाही.

मुसी ओलांडली की येथून ‘मेहबूब की मेहंदी’ फार लांब नाही. 1996 साली ती वस्ती उठविण्यात आली. बाया शहरभर पांगल्या, आणि त्यांच्या मुलांसाठी सुनीता कृष्णन व ब्रदर जोस वेट्टिकाटिल यांनी शाळा सुरू केली. ‘प्रज्वला’ संस्थेचा आरंभ तो. त्याच वर्षी सांगलीस बायांनी स्वतःच ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ स्थापन केली. जो शब्द उच्चारताना आमची जीभ अडखळते, तो त्यांनी आपल्या पाटीवर लावला! सुनीताबाई या व्यवसायाला कायदेशीर मान्यता देण्याच्या विरुद्ध आहेत. सांगलीकर बाया म्हणतात, आमच्या कामास गुन्हा समजणे थांबवा. परदेशांतही एकमत नाही. स्वीडनने 1999 साली गिऱ्हाइकास गुन्हेगार ठरविले, तर न्यूझीलंडने 2003 साली हा व्यवसायच गुन्ह्याच्या कक्षेतून काढला. या वादाचा निकाल लावण्याइतके आम्ही शहाणे नाही. मुलगी पळवून विकणाऱ्यास कडक शिक्षा व्हावी, यावर दोन्ही पक्षांचे दुमत नाही, एवढे आम्हांस दिसते.

आमचा प्रश्न त्याहून लहान आहे. 1956 चा आपला कायदा, 1986 पासून ज्यास अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा म्हणतात, तो या व्यवसायास स्वतंत्र गुन्हा म्हणत नाही; मुंबई उच्च न्यायालयाने 2020 साली तसे स्पष्ट सांगून सुधारगृहात ठेवलेल्या तीन स्त्रियांना सोडविले. पण त्याच कायद्याचे चौथे कलम पाहा. अठरा वर्षांवरील कोणीही अशा स्त्रीच्या मिळकतीवर जाणूनबुजून जगत असेल, तर त्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तो तिच्याबरोबर राहतो एवढे सिद्ध झाले, तरी तो तिच्यावरच जगतो असे गृहीत धरले जाते. तसे नाही हे दाखविण्याचे ओझे त्याच्यावर. दलालाकरिता विणलेले हे जाळे. परंतु त्यात आईने फी भरलेला कॉलेजातील मुलगाही सापडू शकतो. सतराव्या वर्षी तो लेकरू, अठराव्या वाढदिवशी संशयित!

आणि आपल्या शिष्यवृत्त्या बहुतेक याच वयाच्या मुलांना मिळतात. म्हणजे आपण त्याला काय सांगतो? खरे लिहिशील तर स्वतःविरुद्ध सहीनिशी कबुली दे. खोटे लिहिशील तर मदतीची सुरुवातच खोट्याने कर. आमच्या त्या मुलीच्या आईपाशी निदान शिवणयंत्र तरी होते.

‘पण पैसा गरजूलाच जातो हे कसे कळावे?’ असे खजिनदारसाहेब विचारतील, आणि त्यांनी विचारलेच पाहिजे. त्यास आमचे उत्तर असे की, गरज उत्पन्नावरून आणि घरी जाऊन आलेल्या माणसाच्या शब्दावरून कळते, धंद्याच्या नावावरून नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने 19 मे 2022 रोजी सांगितले की, या स्त्रियांना आधार कार्ड देताना त्यांचा व्यवसाय उघड होता कामा नये. सरकारी कार्डाला जे जमावे, ते आपल्या एका पानी अर्जाला जमू नये काय? वडिलांच्या नावाऐवजी ‘आई किंवा पालक’ एवढेच असावे, आणि चौकशीस जाणाऱ्याने पाहिलेले कोणापाशी बोलू नये, ही आमची आणखी एक विनंती. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड आहे, हे आम्ही जाणतो. अफझलगंजात बातमी बसपेक्षा लवकर पोहोचते.

नवे अर्ज जूनपूर्वी छापावयाचे आहेत. जुना नमुना आम्ही सोबत आणला असून त्या रकान्यावर पेन्सिलीने काट मारली आहे. तो चिटणीसांकडे देतो.